आधी निगा, मग नटवणे
(प्रवासाच्या मोटारसायकलीचा घरगुती अभ्यास)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात यंत्राविषयी लेख लिहावा, हे कित्येकांना आगाऊपणाचे वाटेल. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कंधारच्या किल्ल्यावर लिहावे, मराठीच्या विद्यार्थ्याने संतवाङ्मयावर लिहावे, हे रीतीला धरून झाले. परंतु आपल्या महाविद्यालयाच्या वाहनतळावर सकाळी सहज नजर टाकली, तरी आपल्यापैकी किती जणांचे शिक्षण दोन चाकांवर अवलंबून आहे हे ध्यानात येते. लोहा, मुदखेड, अर्धापूर या बाजूंनी विद्यार्थी दुचाकीवर येतात, तसेच प्राध्यापकही येतात. सुट्टी लागली की याच गाड्या माहूरला, तुळजापूरला, सहस्रकुंडाच्या धबधब्याला जातात. ज्या वस्तूच्या हाती आपण रोज जीव सोपवतो, तिच्याविषयी आपल्याला किती माहिती असते? पेट्रोल कोठे घालायचे आणि भोंगा कोठे दाबायचा, एवढ्यावर बहुतेकांचे ज्ञान संपते. माझेही तेथेच संपत होते. ते पुढे कसे सरकले आणि त्यासाठी काय किंमत मोजावी लागली असती, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

फटफटीची कुळकथा

आमच्या घरी १९९८ सालची बुलेट आहे. वडिलांनी ती वापरली, आता ती माझ्याकडे आली आहे. गावाकडची जुनी माणसे तिला अजून फटफटीच म्हणतात. आवाजावरून पडलेले हे नाव एखाद्या परदेशी शब्दापेक्षा किती तरी बोलके आहे.

या गाडीचे मूळ इंग्लंडमधील रेडिच या गावी. रॉयल एनफिल्ड कंपनीची पहिली मोटारसायकल १९०१ साली तेथे तयार झाली. ‘बुलेट’ हे नाव १९३२ पासूनचे. स्वातंत्र्यानंतर भारतीय लष्कराला सीमेवर गस्त घालण्यासाठी दणकट मोटारसायकली हव्या होत्या, त्यासाठी या गाड्या मागवण्यात आल्या. पुढे १९५५ साली मद्रास येथे एनफिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात या गाड्या बनू लागल्या. मूळ इंग्रजी कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली. मद्रासची शाखा मात्र जगली. १९९४ मध्ये ती आयशर समूहात विलीन झाली. मायदेशात संपलेली वस्तू परदेशात टिकून राहिली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला विचार करायला लावणारे उदाहरण आहे.

त्या काळी बुलेटसोबत रस्त्यावर आणखी दोन गाड्या दिसत. एक म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची जावा, जी पुढे येझदी झाली. तिचा कारखाना १९९६ साली बंद पडला. दुसरी एस्कॉर्ट्सची राजदूत, दूधवाल्यांची लाडकी. १९८५ हे वर्ष मात्र कलाटणीचे ठरले. त्या वर्षी बजाजचा कारखाना आपल्याच मराठवाड्यात, आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथे उभा राहिला. त्याच वर्षी हीरो होंडाची कमी तेलात लांब पळणारी चार स्ट्रोकची गाडी आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात गाजली. गाडी खरोखरच चांगली होती. पण त्यातला ‘विसरून जा’ हा उपदेश आपण जरा जास्तच मनावर घेतला, असे मला वाटते.

घरची कार्यशाळा

निगा राखण्यासाठी मोठे गॅरेज लागत नाही. आमची कार्यशाळा म्हणजे अंगणातील लिंबाखालची सावली, एक पोते, एक पाट आणि पत्र्याचा डबा. डब्यात पुढील वस्तू असाव्यात: उघडे पाने व रिंग पाने, प्लगचा पाना, दोन आकारांचे पेचकस, पकड, पातळ पत्र्यांचे फिलर गेज, हवा मोजण्याचे मापक, पंप, जुना दात घासण्याचा ब्रश आणि भरपूर सुती चिंध्या. आईच्या जुन्या लुगड्याइतकी चांगली चिंधी बाजारात मिळत नाही.

जुन्या बुलेटबाबत एक इशारा द्यावासा वाटतो. तिच्यात काही नट इंची मापाचे, तर काही मिलिमीटरचे असतात. जवळपास बसणारा पाना लावून जोर केला की नटाचे कोपरे झिजतात आणि मग तो कशानेच निघत नाही. म्हणून आधी रिंग पाना बसवून पाहावा. तो घट्ट बसला तरच जोर लावावा. जोर हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

सुटा केलेला प्रत्येक भाग काढलेल्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून ठेवावा. जोडताना उलट क्रमाने यावे. मी तर वहीत आकृती काढून ठेवतो. चार वर्षे टिपणे काढण्याची सवय येथे उपयोगी पडते.

निगा कशाची आणि कशी

पहिली गोष्ट धुणे. आपल्या भागात पाण्याची उधळपट्टी करणे शोभत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. ती ‘जलदूत’ गाडी आपण विसरलेलो नाही. मोटारसायकल अर्ध्या बादलीत स्वच्छ होते. आधी कोरड्या ब्रशने धूळ व वाळलेला चिखल झाडावा, मग ओल्या फडक्याने वरून खाली पुसत यावे. यंत्रावरचा तेलकट थर रॉकेलच्या किंवा डिझेलच्या बोळ्याने निघतो. जोराच्या फवाऱ्याने चाकांच्या व हँडलच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरते आणि तेथील ग्रीस धुऊन निघते. हाताने पुसण्याचा दुसरा लाभ अधिक मोठा आहे. फडके फिरवताना बोट प्रत्येक नटावरून जाते. सैल झालेला बोल्ट, तडकलेली पट्टी, झिरपणारे तेल, सारे आपोआप कळते. पुसणे म्हणजेच तपासणे होय.

दुसरी गोष्ट तेल. माझे आजोबा बैलगाडी जुंपण्यापूर्वी गाडीखाली टांगलेले वंगणाचे नळकांडे पाहत. कोरडा आख बैलाचे बळ खातो आणि शेवटी स्वतःही झिजतो, हे त्यांना कोणत्या पुस्तकाने शिकवले नव्हते. मोटारसायकलीतही तत्त्व तेच आहे. जुन्या बुलेटमध्ये तेलाच्या तीन वेगवेगळ्या जागा असतात: यंत्र, क्लचची पेटी आणि गिअरची पेटी. एकीत तेल आहे म्हणून दुसरीत असेलच असे नाही. यंत्राचे तेल गाडी थोडी चालवून, कोमट असताना काढावे. त्यामुळे तळाचा गाळही त्याच्यासोबत निघतो. खालचा बूच बसवताना मात्र हात राखून फिरवावा. ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की खर्च मोठा येतो. काढलेले तेल गटारीत किंवा विहिरीच्या बाजूला ओतू नये. ते डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्याला द्यावे.

तिसरी गोष्ट हवेची चाळणी. वैशाखात आपल्या भागात पारा चाळिसाच्या बराच वर जातो आणि काळ्या रानातली धूळ पिठासारखी उडते. हीच धूळ सिलिंडरमध्ये गेली तर तेलात मिसळून पॉलिश कागदाचे काम करते आणि पिस्टन व सिलिंडर दोन्ही घासून टाकते. पुस्तिकेत चाळणी बदलण्याचे जे अंतर दिलेले असते, ते आपल्या उन्हाळ्यात निम्मे धरावे. ‘गाडी मोकळी होते’ म्हणून चाळणीच काढून टाकणारे काही मित्र मला ठाऊक आहेत. गाडी मोकळी होते हे खरे. पुढे खिसाही मोकळा होतो.

चौथी गोष्ट साखळी. ती फार ताणली तर बेअरिंगवर भार येतो, फार सैल ठेवली तर दात्यांवरून उडते. साखळी सगळीकडे सारखी झिजत नाही. म्हणून चाक हळूहळू फिरवून ती जेथे सर्वांत घट्ट लागते तेथेच ढिलाई मोजावी. बुलेटसाठी मधोमध सुमारे २५ ते ३० मिलिमीटर खालीवर हालचाल पुरेशी असते. साखळी स्वच्छ करताना यंत्र बंद असलेच पाहिजे. चालू यंत्रावर फडके धरून बोटे गमावल्याची उदाहरणे आहेत. साखळीच्या जोडकडीची क्लिप बसवताना तिचे बंद टोक साखळीच्या धावण्याच्या दिशेला ठेवावे. उघडे टोक पुढे राहिले आणि कोठे अडकले, तर क्लिप निघून साखळी भर रस्त्यात सुटते.

पाचवी गोष्ट ठिणगी. प्लग काढून त्याचा रंग पाहावा. बिस्किटासारखा फिकट तपकिरी असेल तर उत्तम. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा चाळणी तुंबली आहे. पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी पडून यंत्र जास्त तापते आहे. वैद्य जीभ पाहून पोटाचे सांगतो, तसा हा प्लग आतली हकीकत सांगतो. जुन्या बुलेटमध्ये ठिणगीसाठी ‘पॉइंट’ असतात. ते पूर्ण उघडल्यावर त्यांतील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी. टॅपेट तर गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण थंड झाल्यावरच तपासावेत. त्या वेळी दोन्ही झडपा मिटलेल्या असाव्यात. दांडी बोटांनी सहज गोल फिरावी, पण वरखाली मात्र हलू नये.

ब्रेक, टायर आणि बॅटरी यांविषयी थोडक्यात सांगतो. टायरमधील हवा सकाळी, गाडी धावण्यापूर्वी मोजावी. तापलेला टायर खोटा आकडा दाखवतो. बॅटरीत नळाचे किंवा बोअरचे पाणी कधीही घालू नये, केवळ डिस्टिल्ड पाणी घालावे. चाकाच्या तारा पेचकसाने एकेक वाजवून पाहाव्यात. ताणलेली तार खणखणीत बोलते, सैल तार बद्द आवाज देते. ब्रेकची वायर टोकाशी उसवू लागली असेल, तर ‘माहूरहून आल्यावर बदलू’ असे म्हणू नये. माहूरला घाट आहे.

त्या रात्रीचा धडा

एवढे सारे मी आज शहाणपणाने लिहितो आहे. पण तीन हिवाळ्यांपूर्वी माझा सारा ओढा नटवण्याकडे होता. चाळणी आणि साखळी यांत मला रस नव्हता. चकचकीत आरसे, रुंद हँडल आणि मोठे दिवे यांत होता.

माझी धाकटी बहीण तेव्हा लातूरला बारावीच्या वर्गात होती. दोन दिवसांसाठी ती नांदेडला आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची सराव परीक्षा असल्याने मी तिला गाडीवर सोडणार होतो. दुपारी निघायचे ठरले. पण मी त्याच दिवशी ५५ वॅटचे दोन जादा दिवे विकत आणले होते आणि ते लावल्याखेरीज निघायचे नाही, असा माझा हट्ट. तारा हेडलाइटच्या बटणावरूनच घेतल्या. दिवे लावले की फ्यूज उडे. दुसरा घातला, तोही उडाला. तिसरा फ्यूज घरात नव्हता. तेव्हा कोणाच्या तरी तोंडून ऐकलेली युक्ती आठवली. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद जळक्या फ्यूजभोवती गुंडाळला. दिवे लखलखीत लागले. मला स्वतःचे मोठे कौतुक वाटले.

निघायला रात्रीचे आठ वाजले. नांदेड ते लातूर हे अंतर सुमारे १४० किलोमीटर. विष्णुपुरी, सोनखेड, लोहा मागे पडले. हँडलजवळचा ॲम्पिअर मोजणारा काटा सतत उणे बाजूला झुकलेला होता. तो मी पाहिला, पण त्याचा अर्थ लावला नाही. उसाचा हंगाम होता. माळेगाव ओलांडल्यावर थोड्याच वेळात जळक्या रबराचा वास आला आणि दुसऱ्या क्षणी सारे दिवे एकदम गेले. यंत्रही बंद पडले. एवढ्या उजेडातून अचानक काळोखात आल्यावर डोळ्यांना काहीच दिसेना. गाडी वेगात नुसतीच पुढे घरंगळत होती. मागून बहीण ओरडली, “दादा, समोर काहीतरी आहे!” मी दोन्ही ब्रेक दाबले. गाडी थांबली तेव्हा पुढचे चाक उसाने भरलेल्या एका ट्रॉलीपासून हातभर अंतरावर होते. चाक पंक्चर झाल्याने ती रस्त्याकडेला उभी होती. मागे ना दिवा, ना तांबडी चकती.

भीती ओसरण्यापूर्वीच टाकीखालून धूर दिसू लागला. वर पेट्रोल आणि खाली जळती तार! बहिणीला दूर पिटाळले, बाजूची पेटी उघडली आणि बॅटरीची तार ओढून काढली. बोटे पोळली, पण धूर थांबला. ट्रॉलीसोबत ऊसतोडीचे एक कुटुंब होते. त्यांनी कडेला पाचटाचा जाळ केला, आम्हाला शेकायला बसवले, काळा चहा दिला. आमची चूक त्यांनी विचारली नाही. आम्हीही त्यांना दिव्याविषयी काही बोललो नाही. पहाटेच्या एस. टी. ने बहीण पुढे गेली आणि तारवटलेल्या डोळ्यांनी परीक्षेला बसली. मी गाडी एका टेंपोत घालून परत आणली.

नांदेडला ज्या चाचांकडे वडील गाडी नेत, त्यांच्यापुढे मी जळलेला तारांचा गुंता ठेवला. चाचांनी चांदीचा कागद चिमटीत धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, “बाबू, फूज उडा तो गाडी बोली ना, कुछ गडबड है करके. तू उसका मुँह बांध दिया.”

यापेक्षा चांगली व्याख्या मी आजवर कोणत्याही पुस्तकात वाचलेली नाही. फ्यूज हा गाडीचा दोष नव्हे, ते तिचे बोलणे आहे. काटा झुकतो, प्लग काळवंडतो, साखळी खडखडते, हे सारे तिचे बोलणेच. निगा राखणे म्हणजे ते ऐकणे. मी त्या दिवशी ते ऐकले नाही आणि माझ्या चुकीचा भार मागे बसलेल्या मुलीने वाहिला. तेव्हापासून गाडी काढण्यापूर्वी ती एकच प्रश्न विचारते, “दादा, फ्यूज पाहिलास का?”

हिशेब पुढे चाचांनीच समजावून दिला. वॅटला व्होल्टने भागले की ॲम्पिअर मिळतात. दोन दिव्यांचे ११० वॅट, बॅटरी १२ व्होल्टची; म्हणजे सुमारे ९ ॲम्पिअर. त्यात मूळ ३५ वॅटच्या दिव्याचे आणखी तीन. ती बारीक तार आणि ते बटण एवढ्या प्रवाहासाठी केलेलेच नव्हते. शिवाय गाडी स्वतः जेवढी वीज तयार करते, त्याहून हा खर्च जास्त होता, म्हणून काटा उणे बाजूला होता. जादा दिवा लावायचाच असेल, तर बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार, बॅटरीलगत योग्य मापाचा फ्यूज आणि मध्ये रिले हवा. रिले म्हणजे मुकादम. बटणातून आलेल्या थोड्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर तो मोठा प्रवाह सोडतो, त्यामुळे बटणावर भार येत नाही. पण चाचांचा पहिला प्रश्न वेगळाच होता. गाडी देते किती, ते आधी बघ, मग माग. शेवटी आम्ही दोन्ही जादा दिवे काढून टाकले. मूळ दिव्याची काळवंडलेली वाटी बदलली, त्याला रिले लावला आणि दिव्याचा झोत भिंतीवर पाहून नीट केला. आज माझ्या गाडीचा उजेड पूर्वीपेक्षा चांगला आहे आणि काटा मध्यावर राहतो.

नटवायचे ते कशासाठी

याचा अर्थ गाडीत काही बदल करूच नयेत असा नाही. लांबच्या प्रवासासाठी केलेले बदल आपल्या भागातले ऊन, धूळ, काळी माती आणि आपल्या रस्त्यांवरची रात्र यांना उत्तर देणारे असावेत, एवढेच माझे म्हणणे आहे. मी घरी केलेले काही बदल सांगतो.

सामानासाठी घोड्याच्या खुर्जीसारख्या, आसनाच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या ताडपत्रीच्या पिशव्या शिवून घेतल्या. त्या चाकात किंवा साखळीत जाऊ नयेत म्हणून आत लोखंडी सळईची चौकट बसवली. वजन दोन्ही बाजूंना सारखे आणि जितके खाली व पुढे ठेवता येईल तितके ठेवावे. जड ओझे मागच्या कॅरिअरच्या टोकाला बांधले तर पुढचे चाक हलके होऊन हँडल डुलते. हँडलला पिशवी अडकवण्याची आपली सवय तर मुळीच चांगली नाही.

आसनाचे रेक्झिन उन्हात इतके तापते की बसवत नाही. त्यावर जाड खादीचा, दोरीने आवळता येणारा खोळ घातला. आतील स्पंज बसला होता, तो गादीवाल्याकडून बदलून घेतला. पुढच्या मडगार्डला जुन्या ट्यूबच्या रबराची झालर लावली, त्यामुळे यंत्रावर चिखल कमी उडतो. पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी माती मडगार्ड आणि चाक यांत गच्च बसून चाकच अडवते, म्हणून एक लाकडी उलथणे पिशवीत ठेवतो. दोन्ही बाजूंना आरसे लावले. मागे आणि दोन्ही पिशव्यांवर तांबडी चमकपट्टी चिकटवली. या पट्टीला सर्वांत कमी पैसे लागले, पण त्या रात्रीनंतर मला तीच सर्वांत मोलाची वाटते. सुटी ट्यूब, टायर काढण्याच्या सळ्या, क्लचची जादा वायर, प्लग, जोडकडी, बॅटरी आणि अर्थातच खरे फ्यूज बरोबर असतात.

बाजारातील काही बदलांविषयी सावध राहावे. आतील जाळी काढलेला सायलेन्सर मोठा आवाज करतो, त्याने शक्ती वाढतेच असे नाही. जुन्या बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. ही लांब धावच तिला कमी वेगात ओढ देते आणि तिचा तो संथ ठोका निर्माण करते. तो ठोका ऐकायला गल्लीतील आजाऱ्यांची झोप मोडावी लागत नाही. रुंद टायर बसवले की ते मडगार्डला घासतात आणि वळणावर गाडी जड होते. फार उंच हँडल लावले की वायरी ताणल्या जातात.

कायदाही येथे ठाऊक असावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बेकायदा बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पिशव्या, खोळ, आरसा आणि चमकपट्टी यांना कोणाची हरकत नसते. चेसिस, यंत्र, सायलेन्सर यांना हात लावण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारावे. आणि हेल्मेट चालवणाऱ्याइतकेच मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

नव्या गाड्यांविषयी

कोणी म्हणेल, हे सारे जुन्या बुलेटचे झाले; आमच्या नव्या गाडीचे काय? बुलेटमधील बिडाच्या सिलिंडरचे जुने यंत्रही २०१० च्या सुमारास बंद झाले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले. आज पॉइंट नाहीत आणि कार्ब्युरेटरच्या जागी इंधन फवारणारी यंत्रणा आली आहे. तिच्यात घरी हात घालू नये. पण साखळी तीच आहे, धूळ तीच आहे, टायरातील हवा तीच आहे, ब्रेकचे झिजणे तेच आहे. फ्यूजही आहेच. उलट, नव्या गाडीच्या तारा कापून जादा दिवे जोडणे अधिक धोक्याचे, कारण त्याच तारांवर यंत्राचा मेंदूही चालतो. जे घरी करता येते ते घरी करावे, जे येत नाही ते जाणकाराला दाखवावे. यांतील सीमारेषा ओळखता येणे, हाही अभ्यासाचाच भाग आहे.

समारोप

आपल्याकडे हात काळे करणे हे कमीपणाचे मानले जाते, आणि शिकलेल्या मुलाने तर ते मुळीच करू नये अशी समजूत आहे. पुस्तक वाचणारा एकीकडे आणि पाना धरणारा दुसरीकडे, अशी ही वाटणी आपल्या समाजात जुनी आहे. माझ्या शिक्षणातील एक महत्त्वाचा धडा मात्र मला चाचांच्या टपरीवर मिळाला. आता आमच्या गल्लीतील तीन-चार मित्र महिन्यातील पहिल्या रविवारी सकाळी लिंबाखाली जमतात. प्रत्येक जण आपापली गाडी पुसतो, साखळी पाहतो, हवा मोजतो. तासाभरात काम होते. आपल्या महाविद्यालयाच्या आवारातही असा एक तास ठेवता आला, तर पाने आणि चिंध्या मी घेऊन येईन. जाताना चमकपट्टीची दोन गुंडाळीही बरोबर घेऊ. उसाचा हंगाम सुरू झाला की लोह्याच्या रस्त्यावर ज्या ट्रॉल्या उभ्या असतील, त्यांच्या मागे ट्रॉलीवाल्यांना विचारून ती चिकटवता येईल.